स्टेअरिंगवर बसवलेला भाऊ

गोडोलीतल्या फाळक्यांच्या धाकट्याला सातारा शहरात फारसं कुणी ओळखत नाही. छोट्या मोटारी जोडणाऱ्यांच्या ग्रुपवर मात्र शिवतेज फाळके हे नाव आलं की पुण्याबंगळुरूची माणसंसुद्धा जरा जपून लिहितात. त्याचे हात फार चांगले आहेत आणि जीभ फार वाईट. खरी गाडी चोवीस पट लहान केली तर जेवढी होईल तेवढी, वीतभर गाडी तो बनवतो. पण अशी की दार उघडल्यावर आत सीटच्या उसवलेल्या शिवणीतून बाहेर आलेला स्पंजही दिसतो. कमरेखाली त्याला काही जाणवत नाही. दिवसभर खिडकीजवळच्या टेबलाशी चाकाच्या खुर्चीत बसून तो हेच काम करतो. त्यातही बाकीच्या गाड्या अधूनमधून. पुन्हा पुन्हा करतो ती एकच, लष्करी हिरव्या रंगाची जिप्सी.

ती जिप्सी फाळक्यांच्या घरात खरोखर होती. वडील फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले, तेव्हा लिलावातली गाडी त्यांनी हौसेनं घेतली. थोरला वीरधवल तेव्हा भरतीत पास झाला होता. धावणं, मेडिकल, लेखी, सगळं पार पडलेलं, फक्त बोलावणं यायचं होतं. त्या आनंदात दोघं भाऊ कोयनानगरला फिरायला गेले. येताना घाटाच्या अलीकडे शिवतेज म्हणाला, "दादा, जरा मला दे की चालवाय." तो सतराचा होता, लायसन नव्हतं. वीरधवलनं चावी दिली. एका वळणावर गाडी कठडा फोडून खाली गेली आणि दोन कोलांट्या खाऊन झाडाला अडकली.

वीरधवलचं मनगट मोडलं. शिवतेजचा मणका.

पोलीस आले तेव्हा शिवतेज गवतात पडून ओरडत होता. हवालदारानं विचारलं, "कोण चालवत होतं?" पोराला लायसन नाही, गाडी वडलांच्या नावावर, एवढंच त्या वेळी वीरधवलच्या डोक्यात आलं. तो म्हणाला, "मी."

त्या एका शब्दावर केस उभी राहिली आणि कोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळली. चारित्र्य पडताळणीत भरती हुकली. वडील दोनेक वर्षांत गेले. त्यांच्यापाशीही वीरधवल बोलला नाही, आणि बोलायची पाळी शिवतेजवर होती तेव्हा तोही बोलला नाही. सुरुवातीला तो नुसता गप्प राही. पुढं कुणी भेटायला आलं की "दादा चालवत होता" म्हणू लागला. पुढं तर दादाच्या तोंडावरच म्हणू लागला.

"तुला काय, मनगट बसलं. माझं बघ."

वीरधवल त्याच्या पाठीमागची उशी सारखी करायचा. तो पिकअप चालवायचा. साताऱ्याची भाजी सांगलीच्या मार्केटात नेणं हा धंदा. जायच्या आधी भावाला उठवायचं, धुवायचं, लघवीची पिशवी बदलायची, खुर्चीत बसवायचं. आल्यावर तेच उलटं. आई राहीबाई बघत उभी राही आणि सणावाराला, पुरणाचं ताट वाढताना, न चुकता म्हणे, "माज्या लेकराचं पाय घेतलंस बाबा तू." लग्न होऊन आलेल्या साक्षीनं पहिल्या दिवाळीला हे ऐकलं तेव्हा तिच्या हातातली वाटी तशीच राहिली. नवऱ्यानं खाली मान घालून पोळी मोडली आणि खाल्ली.

मोटारी जोडायचं वेड शिवतेजला मिरजेच्या दवाखान्यात लागलं. हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून कुणीतरी प्लास्टिकचं किट आणून दिलं होतं. घरी आल्यावर त्याला जिप्सी करायची होती. पण जिप्सीचं किट कुठं मिळत नाही. जपानी किट मिळतं ते तिच्या आखूड बहिणीचं. आपली गाडी मागं लांब, पुढची जाळी वेगळी, चाकं वेगळी. ते सगळं सुटं करून देणारी माणसं शोधावी लागतात. घरातल्या एका खोलीत, नोकरी सांभाळून, वीस-पंचवीस नग काढणारी ही माणसं. दुकान नसतं, पाटी नसते. एक फोन नंबर असतो.

साताऱ्यातच मुकुल नावाचे एक चित्रकलेचे शिक्षक नंबरप्लेट, बॅज, काचेवरचे पास असले बारीक स्टिकर छापून द्यायचे. भिडस्त माणूस, बोलताना अडखळायचे. त्यांनी जिप्सीच्या नंबरप्लेटा मनापासून करून दिल्या. पांढऱ्यात किंचित निळसर झाक होती. शिवतेजनं भिंगातून फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "सरांनी नीळ घालून धुतलेलं दिसतंय. बोलतानाही अडकतात, छापतानाही." लोक हसले. मुकुलसरांनी "क्षमस्व, परत करून देतो" असं लिहिलं, त्यावर आणखी हसले. सरांनी परत करूनही दिलं. ते अगदी बिनचूक होतं. ते शिवतेजनं वापरलं आणि ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. सरांनी पुढं छापणं बंद केलं.

त्यानंतर त्याला सांगलीच्या अश्लेषा गोखले सापडल्या. त्या मिरजेत एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या आणि दात करायच्या आणि घरी त्याच हातांनी रेझिनच्या छोट्या चाकांचं, बंपरांचं, सीटांचं ओतकाम करायच्या. सिलिकॉनचा साचा, त्यात रेझिन, बुडबुडा राहू नये म्हणून श्वास रोखून केलेली ओतणी. बाईंना कामाची लाज नव्हती आणि टीकेची भीती नव्हती. शिवतेजनं पहिल्याच चाकाला नावं ठेवली तेव्हा त्यांनी फोनवर सांगितलं, "परत पाठवा. दुसरं मिळेल. पण टोमणा परत पाठवू नका, त्याचं मी काही करू शकत नाही." त्याला असं कुणी बोललं नव्हतं. त्यानं नुसतं चाक परत पाठवलं.

बाईंनी त्याला जिप्सीचा मागचा लांब भाग करून दिला, जाळी करून दिली. कुरियरात बारीक आरसे मोडायचे म्हणून वीरधवल मार्केटातून येताना त्यांच्याकडून डबा घेऊन यायचा. मग शिवतेजच्या मागण्या बदलत गेल्या. चेपलेलं बॉनेट. तडकलेली काच. कठड्याचा फुटलेला दगड. बाईंनी विचारलं, तो म्हणाला, "अपघाताचा देखावा करतोय." असे देखावे लोक करतात, बाईंना नवल वाटलं नाही. शेवटी त्यानं दोन माणसं मागितली. एक डावीकडे, बिनचेहऱ्याचा चालेल. एक स्टेअरिंगवर, आणि त्याचा चेहरा फोटोवरून हवा. फोटो त्यानं पाठवला.

वीरधवल डबा न्यायला आला तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "तुमचाच चेहरा केलाय. भावानं गुपचूप करायला सांगितलं होतं, पण मला राहवेना. बघा, जमलाय का?"

बोटाच्या दोन पेरांएवढा माणूस. दोन्ही हात पुढं, स्टेअरिंग धरल्यासारखे. मिशी, रुंद कपाळ, हनुवटीवरचा व्रणसुद्धा.

वीरधवलनं तो उजेडाकडे धरून पाहिला. "जमलाय," तो म्हणाला, आणि डबा बंद करून घेऊन गेला. घरी येऊन त्यानं तो भावाच्या टेबलावर ठेवला. शिवतेज त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिथं काहीच दिसलं नाही म्हणून तो चिडला.

"बघितलास न्हवं?"

"बघितला."

"कसा वाटला?"

"जेवलास का?" वीरधवलनं विचारलं.

हिवाळ्यात सांगलीत या छोट्या मोटारींचं प्रदर्शन भरलं. हॉल वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वीरधवल भावाला पाठुंगळी घेऊन जिना चढला, मग खाली जाऊन त्यानं खुर्ची आणली, मग देखावा आणला. साक्षीही आली होती. देखाव्यावरचं कापड शिवतेजनं स्वतःच्या हातानं काढलं.

काम अप्रतिम होतं, हे म्हणायलाच हवं. उतारावर आडवी झालेली जिप्सी, मागं फुटलेला कठडा, गवताचं पातं न् पातं. तिरक्या गाडीत स्टेअरिंग धरून बसलेला वीरधवल. समोर छापलेली पट्टी: "माझा अपघात. गाडी चालवत होता: माझा थोरला भाऊ."

गर्दी जमली. एका वयस्कर गृहस्थांनी पट्टी वाचली, मूर्तीकडे पाहिलं, खुर्चीमागं उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. "तुम्हीच का ते?"

शिवतेज म्हणाला, "व्हय, ह्योच. विचारा की त्याला, किती स्पीड हुता."

साक्षीनं नवऱ्याची बाही धरली. वीरधवलनं खुर्चीची मूठ सोडली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सत्तर हुता. मी डावीकडं बसून काटा बघत हुतो. म्हनत हुतो, तेजा, गिअर खाली टाक."

कुणाला पटकन कळलं नाही. शिवतेजला कळलं. तो पांढरा पडला आणि मग मोठ्यानं हसला.

"ऐकलंसा? पोलिसांम्होरं गुन्हा कबूल केलाय यानं. आता लुळ्या भावावर ढकलतोय."

आणि लोकांनी खुर्चीतल्याचंच खरं मानलं. एक बाई म्हणाल्या, "शी! निदान इथं तरी." ते वयस्कर गृहस्थ वीरधवलला म्हणाले, "अहो, जरा जनाची नाही तर मनाची ठेवा." कुणीतरी शिवतेजच्या खांद्यावर हात ठेवला. वीरधवलनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, साक्षीला म्हणाला, "चल," आणि जिना उतरून गेला. खाली पिकअप सुरू झाल्याचा आवाज वरपर्यंत आला.

शिवतेजला वाटलं, येईल. जेवणाची वेळ टळली तरी त्याला तसंच वाटत होतं. त्याची पिशवी रिकामी करायची असते हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. ते वीरधवलचं काम होतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगायची शिवतेजला लाज वाटत होती. पिशवी भरून पँट भिजली, खुर्चीखाली फरशीवर ओघळ आला. मघाशी खांद्यावर हात ठेवणारे हळूहळू दुसऱ्या टेबलांकडे सरकले. कुणीतरी खिडकी उघडली.

शेवटी अश्लेषाबाईंनीच ते पाहिलं. पुसलं, निस्तरलं, चार माणसांकडून खुर्ची खाली उतरवून घेतली आणि स्वतःच्या गाडीतून त्याला साताऱ्याला आणलं. कराड मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "खरं काय आहे?"

"तुमी पार्ट बनवा, मॅडम," तो बाहेर बघत म्हणाला.

दारात राहीबाई उभ्या होत्या. "थोरला कुटं हाय?"

"टाकून गेला मला," शिवतेज म्हणाला. "समद्यांम्होरं म्हनाला, तेजाच चालवत हुता."

बाईंना राहवलं नाही. "आजी, राग मानू नका, पण ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही."

राहीबाईंनी पदरानं हात पुसले. "खोटं कशाला बोलंल?" त्या म्हणाल्या. "मिरजंला दवाखान्यात याचं आंग मीच पुसत हुते. छातीवर स्टेरिंगचा वळ हुता, असा गोल, काळानिळा. डाव्या बाजूला बसलेल्याला स्टेरिंग लागतंय व्हय?"

शिवतेजनं मान वळवून आईकडे पाहिलं. "तुला ठावं हुतं?"

"आई हाय मी."

"मग दादाला ते सणासुदीला बोलायचीस, ते?"

"बोलावं लागायचं. न्हाईतर तू जगला नसतास. तुला कुनावर तरी दोस घालाय पायजे हुता." राहीबाई बाईंकडे वळल्या, जणू हिशोब समजावून सांगत असाव्यात. "एक मोडला हुता, ताई. मोडक्यावर आनिक काय घालायचं? दुसरा धड हुता. धडाला सोसतंय."

अश्लेषाबाईंनी पुढं केलेला चहा घेतला नाही. घरी पोचल्यावर त्यांनी वीरधवलला फोन केला. त्याचा चेहरा त्यांनी आपल्या हातानं घडवला होता. त्याला खरं कळायला हवं, असं त्यांना वाटलं. आपण चांगलं करतोय अशीच त्यांची समजूत होती. वीरधवलनं सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. भाऊ खोटं बोलतो हे त्यानं इतकी वर्षं पचवलं होतं. आईला खरं माहीत नाही, म्हणून ती बोलते, या एका समजुतीवर तो त्या घरात टिकला होता.

आठवड्याच्या आत तो साक्षीला घेऊन फलटणला गेला. आता एका साखर कारखान्याचा मळीचा टँकर चालवतो.

अश्लेषाबाईंनी शिवतेजचं काम थांबवलं. त्यानं ग्रुपवर त्यांच्या चाकांचे फोटो टाकले, भिंगातून काढलेले, आणि लिहिलं की बाई दातांच्या उरलेल्या मालात चाकं ओततात. लोकांनी मानलं. खुर्चीतल्या माणसाला खोटं कोण म्हणणार? बाईंकडे मागण्या येईनाशा झाल्या. साचे माळ्यावर गेले.

शिवतेजला धुवायला आता केरबा नावाचा माणूस येतो. तो घाईत असतो, पाणी कसंही ओततो, कूस बदलून द्यायचं विसरतो. पाठीवर जखमा झाल्या आहेत. राहीबाईंना भार उचलवत नाही. शिवतेज केरबाला एक शब्द उलट बोलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात राहीबाई एसटीनं फलटणला गेल्या. साक्षीनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि ती आत गेली ती बाहेर आली नाही. वीरधवल समोर बसला.

"घरला चल," राहीबाई म्हणाल्या. "त्येची पाठ सडाय लागलीया."

"आई, तुला कवापास्नं ठावं हाय?"

"पैल्या दिसापास्नं."

त्यानं मान हलवली. आईला जेवायला घातलं, स्वतः वाढलं. मग तिला टँकरच्या केबिनमध्ये बसवून स्टँडवर नेलं, साताऱ्याच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली, खाली उतरून पाण्याची बाटली खिडकीतून दिली. राहीबाईंनी बाटलीसकट त्याचं बोट धरून ठेवलं. त्यानं ते सोडवून घेतलं, आणि बस हलायच्या आत गर्दीतून बाहेर पडून तो टँकरकडे चालू लागला.