हरणाक्काला बसवा

सास्तुरात चुरमुरे म्हणलं की हरणाबाईची भट्टी. भूकंपानंतर गाव नव्या जागी आलं आणि हिनं पत्र्याच्या शेडात भट्टी मांडली ती मांडलीच. जाळायला तुराट्या, अन् धूर जायला बोटाएवढी फट न्हाय. मी शेजारीण, दहादा बोलले, हरणाक्का, एखादा पत्रा तरी काढ. तर म्हणायची, धूर गेला तर डास येतील. हट्टी बाई! पण दारात आलेलं पोर ओंजळभर चुरमुरे घेतल्याबिगर कधी परत गेलं न्हाय.

त्या धुरानंच तिची छाती खाल्ली. उमरग्याच्या डॉक्टरनं सांगितलं, फुफ्फुसं बरी व्हायची न्हाईत, पण जपलं तर बाई जगेल. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. सून शिवकन्या हुशार, तिनं डॉक्टरचं बोलणं पदराला गाठ मारून ठेवलं. मशीनच्या काचनळीत ऑक्सिजन किती जातो ते दावणारी गोळी असते, ती दोनच्या वर न्यायची न्हाय, या आजारात जास्त ऑक्सिजन दिला तर माणसाला गुंगी येते. अन् दम लागला की आडवं करायचं न्हाय, पुढं वाकवून बसवायचं. मग हरणाक्काच्या मांडीवर चुरमुऱ्याची पालथी पाटी, पाटीवर वाकळ, त्यावर कोपरं टेकून ती बसायची. झोपायचीबी तशीच. मी काय अंडी उबवायलेय का, म्हणून हसायची आणि हसता हसता खोकायची.

पंचमीच्या आधी मशीनची नळी कडक झाली, म्हणून शिवकन्या नवी आणायला लोहाऱ्याला निघाली. सोबतीला मी. निघताना तिनं नवऱ्याला, शिवपुत्राला, सगळं पुन्हा सांगितलं. त्यानं व्हय व्हय केलं. पुरुषाचं व्हय म्हणजे काय असतं ते मला इचारा.

आमी गेलो आणि हरणाक्काला दम लागला. आईचा जीव कासावीस होताना दोनच का द्यायचा, म्हणून शिवपुत्रानं गोळी पाचावर नेली. मग तिचे डोळे मिटायला लागले. तो घाबरला आणि थोरल्या चुलत्याला, बसप्पाअण्णाला, घेऊन आला. अण्णा देवमाणूस, कपाळावरची विभूती कधी पुसली न्हाय. त्यांनी बघितलं आणि ऊर्ध्व लागला म्हणले. बाजेवर जीव जाऊ द्यायचा न्हाय, खाली घ्या. घोंगडं अंथरून तिला उताणी निजवली.

तशी ती जागी झाली. मान उचलायला लागली, कोपरं भुईला रेटायला लागली. दिराकडं बघून म्हणाली, "बसवा... बसवा..."

आमी लिंगायत. बसवण्णाचं नाव ओठावर असताना मरण यावं, ही आमच्या म्हाताऱ्या माणसांची आस. अण्णांनी हात जोडले. जमलेल्या बायाबी बसवा, बसवा म्हणायला लागल्या. त्या गलक्यात तिचा आवाज कधी थांबला ते कुणालाच कळलं न्हाय.

आमी दारात आलो तेव्हा ते नामस्मरण चालू होतं. शिवकन्यानं पिशवी टाकली, धावत जाऊन सासूला उठवून छातीशी धरलं. मान खांद्यावर पडली. शिवपुत्र रडत म्हणाला, शेवटपर्यंत आईच्या तोंडात देवाचं नाव होतं.

"देवाचं न्हाय हो," शिवकन्या म्हणाली. "मला उठवून बसवा म्हणत होत्या आत्या."

अण्णांचे जोडलेले हात तसेच राहिले. मला असा राग आला, पण काढू कुणावर? कुणाच्याच मनात पाप नव्हतं. वाचली असती का, ते देव जाणे. पण तडफडून तरी गेली नसती, हे माझ्या मनातनं जात न्हाय.

आमच्यात मयताला आडवं नेत न्हाईत, मांडी घालून बसवतात. शिवकन्यानं तिची पाटी आणि वाकळ आणून मांडीवर ठेवली, कुणी नको म्हणलं न्हाय. मान कलंडायला लागली तशी बसप्पाअण्णांनी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले. आयुष्यात भावजयीला कधी नावानं हाक न मारलेला माणूस तिच्या कानाशी वाकला.

"बसवलं, हरणाबाई," ते म्हणाले. "बसवलं बघ."