खटल्यात अडकलेली सोयरीक

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की साक्रीचे पाहुणे लेकीला बघायला आले तो रविवार आठवतो आणि डोकं फिरतं. भरताचा बेत होता, पण टीव्हीवर कोर्टाची मालिका लागली आणि लेक राहिली बाजूला. “खून बायकोनीच करेल शे,” मुलाचे वडील म्हणाले. “खुळे की काय आबा? भावाने केला!” आमचे हे ओरडले. लेक दारात उभी, चहावर साय धरली. मी म्हटलं, “आधी हिला बघा, मग कुणालाही फाशी द्या!” तर आबा उठलेच. “पुढला रविवारले निकाल लागू द्या अक्का, मंग आपलं बी ठरवू.” आठ दिवस मला अन्न गेलं नाही. खुनी निघाला माळी. दोघंही तोंडावर पडले, म्हणून लग्न झालं. आज लेकीला सुना आल्यात, तरी दोघे म्हातारे म्हणतात, बिचाऱ्या माळ्याला उगाच अडकवलं.