मोठ्या बाबांचे रोडगे

आमच्याकडे रोडग्यांची पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी भांडी घासून, सतरंज्या झटकून सगळं आवरतं. आवरत नाहीत ते किस्से! ते वर्षानुवर्षं साचतात. सांगणारे इतके, की मला आजवर एकही सांगायला मिळाला नाही. म्हणून लिहून काढते.

आमचं गाव सानगडीकडचं. धान घरात आला की प्रत्येक सुट्टीला कोणाच्या ना कोणाच्या वावरात, तलावाच्या पाळीवर म्हणजे बांधावर गोवऱ्या पेटतात. कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. साधा माणूस दोन रोडग्यांत आडवा होतो. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पाच खाऊन विचारतात, "लाडू कुठं ठेवले?"

यंदाचे सगळे किस्से त्यांचेच.

* * *

पहिल्याच पार्टीत मोठ्या बाबांनी निखाऱ्यातून एक रोडगा स्वतः उचलला. फुंकर मारली, राख झटकली, तुपाच्या वाटीत मस्त बुडवला आणि तोंडापर्यंत नेला.

काका ओरडला, "भाऊ, थांबा! थो रोडगा नोहोय, गोवरी होय!"

अर्धवट जळून विझलेला गोवरीचा तुकडा होता. सगळे पोट धरून हसले. मोठे बाबाही हसले. मग तो तुकडा डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत बसले. रोज पानठेल्यावर चार लोकांना पेपर वाचून दाखवणारा माणूस. दोन महिन्यांपासून तो पेपर मी त्यांना घरी वाचून दाखवत होते, आणि पानठेल्यावर ते "चष्मा दुरुस्तीले टाकला" असं सांगत होते.

सोमवारी ते आपणहून दवाखान्यात गेले.

* * *

डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन करावंच लागेल. पण शुगर एवढी असताना कोणी हात लावणार नाही. सत्तावीस जानेवारीला उपाशीपोटी या. उतरली असेल तर तारीख, नसेल तर घरी बसा."

"म्हणजे पार्ट्या बंद?"

"जा की! फक्त छोटी प्लेट घ्या."

पुढच्या पार्टीत मोठ्या बाबांच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी अकरा वेळा भरली. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, कडाडली तर म्हणाले, "काहून चिल्लावतेस? डॉक्टरनं प्लेट सांगतली, फेऱ्या नाही सांगतल्या!"

त्याच दिवशी मोठ्या आईने मला त्यांच्यावर पहारेकरी नेमलं. "तू बोलत नाहीस, पण पायतेस सारं," ती म्हणाली. मी मान हलवली. नाही म्हणायलाही बोलावं लागतं!

* * *

मोठ्या आईने कुठेतरी ऐकलं, की पार्टीला जाण्याआधी घरी थोडं खाऊन जावं, म्हणजे तिथे भूक राहत नाही. तिने निघताना मोठ्या बाबांना दोन वाट्या वरण, वाटीभर पालकाची भाजी आणि एक अख्खी काकडी खाऊ घातली. त्यांनी कुरकूर न करता सगळं खाल्लं. मला वाटलं, जमलं!

वावरात पोहोचल्यावर ते पंगतीत सर्वांत आधी बसले. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"अशी काय पायतेस, पोरी? थे घरचं होतं. हे वावरातलं आहे."

* * *

मग ठरलं, की दोनच रोडगे. मोठ्या बाबांनी सर्वांसमोर शब्द दिला. शब्दाचे ते पक्के आहेत.

त्या रविवारी ते सकाळी सातलाच वावरात हजर. "मदत करतो" म्हणून परात ओढली आणि आपले दोन रोडगे आपणच वळले. एकेक नारळाएवढा! काका म्हणाला, "भाऊ, हे आतून शिजतील काय?"

"तू जाळ पाय. मले नोको शिकवू."

जाळ जोरात होता. दोन्ही रोडगे बाहेरून कोळसा झाले. फोडले तर आत कच्ची कणीक, हाताला चिकटणारी. बाकीचे सगळे वाटून झाले होते, आणि शब्द दोनचाच दिलेला. मोठ्या बाबांनी नुसती वांग्याची भाजी खाल्ली. त्यांचे दोन रोडगे बैलांपुढे टाकले. एका बैलाने वास घेतला आणि तोंड फिरवलं!

* * *

संक्रांतीला मोठ्या आईने नवा हुकूम काढला. जेवणानंतर लगेच तलावाला एक चक्कर. मला सोबत धाडलं.

आम्ही निघालो. मोठे बाबा इतके झपाझप चालत होते, की मला कौतुक वाटलं. अर्धी पाळ संपली आणि कौतुकाचं कारण दिसलं. पलीकडच्या काठावर शेजारच्या गावाची पार्टी चालली होती.

"या ना, भाऊ! बसा. दोन घास तरी खा!"

"नाही गा, आताच जेवलो," मोठे बाबा बसता बसता म्हणाले.

मी त्यांची बाही ओढली. तेवढ्यात एका काकूंनी माझ्यापुढेही पत्रावळ मांडली. अनोळखी माणसांत माझा आवाज फुटत नाही. "पुरे" हा एवढासा शब्द बाहेर येईपर्यंत माझ्या पत्रावळीवर तीन रोडगे पडले होते.

परतल्यावर मोठ्या आईने विचारलं, "झाली चक्कर?"

"पुरी झाली. विचार हिले," मोठे बाबा म्हणाले.

मला चालवत नव्हतं. मोठी आई म्हणाली, "पोरगी पाय किती थकली!"

* * *

सव्वीस जानेवारीला शेवटची पार्टी आमच्याच वावरात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी. मोठ्या आईने नवऱ्याला धाक राहावा म्हणून थेट डॉक्टरांनाच जेवायला बोलावलं. आणि वाढायचं काम मोठ्या बाबांकडे दिलं.

आमच्याकडे वाढणारा शेवटी जेवतो. त्याआधी एक कणही तोंडात टाकला तर अन्न उष्टं होतं. मोठे बाबा बशीला फसवतील, चकरेला फसवतील, पण हा नियम मोडणार नाहीत. मोठी आई त्यांना चाळीस वर्षं ओळखते!

झेंडावंदन करून डॉक्टर आले. पहिल्या पंगतीत बसले. दोन रोडग्यांनंतर त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"बस, बस."

"असं कसं, साहेब? लेकीनं सकाळपासून मळली कणीक." लेक म्हणजे मी. मी कणकेला हातही लावला नव्हता. पण डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं, आणि त्यांनी हात काढला. चौथा रोडगा काकाच्या नावाने गेला, पाचवा गावाच्या नावाने. सहाव्याला मोठे बाबा नुसते उभे राहिले. वरून तूप, तुपावर लाडू.

वाढणाऱ्यांची पंगत बसली तेव्हा एक रोडगा आणि भांड्याच्या तळाची भाजी उरली होती. मोठ्या बाबांनी तेवढंच खाल्लं.

सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने बोटातून रक्त घेतलं, मशीनकडे बघितलं आणि धावत आतल्या खोलीत गेला. आम्हीही मागोमाग. डॉक्टर तपासणीच्या टेबलावर आडवे होते. पोटावर गरम पाण्याची पिशवी.

"उतरली," कंपाउंडर म्हणाला.

डॉक्टरांनी डोळे न उघडता चिठ्ठीवर ऑपरेशनची तारीख लिहिली. मोठ्या आईने ती पदराला बांधली.

मोठे बाबा मात्र हलले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं, टेबलाजवळ बसले, डॉक्टरांचं मनगट हातात घेतलं आणि म्हणाले,

"जीभ दाखवा, साहेब."