करून देणाऱ्यास व्यक्तिशः ओळखतो

ती घटना आठवली की आजही माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो आणि पेन आत ढकलून ठेवतो.

नोकरीत मी बरेच गुन्हे उघडकीस आणले, असं निरोपसमारंभात सगळे म्हणाले. त्यातल्या एका गुन्ह्याच्या कागदावर माझी स्वतःची सही होती, हे कुणी म्हणालं नाही. गळ्यात हार असलेल्या माणसाला असं सांगत नाहीत. म्हणून मीच सांगतो. नावं कुणाचीच घेत नाही; लाज वाटावी असं माझ्याशिवाय इतर कुणी फारसं वागलंही नव्हतं. एक भामटा सोडला तर. पण तो निदान आपलं काम नीट करत होता.

तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आईच्या शेवटच्या आजारपणात एका सिस्टरांनी तिची फार सेवा केली होती. पुढे त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या. सगळी नोकरी क्वार्टरमध्ये काढलेली, एकट्या, आणि मनात एकच इच्छा: स्वतःच्या जागेत स्वतःचं दोन खोल्यांचं घरटं. एक दिवस त्या ठाण्यात आल्या.

"साहेब, कसबा बावड्यात प्लॉट बघितलाय. विकणाऱ्यांचा वकील हाय, तोच खरेदीखत लिहिणार म्हणतोय. पण माझ्याकडनं एखादा वेगळा वकील करू का? कागद बघायला?"

मी खुर्चीत मागं रेलून हसलो. ते हसू मला आजही ऐकू येतं.

"एका लग्नाला दोन भटजी लावणार काय, सिस्टर? आणि मी कशाला हाय? तीस वर्षं माणसंच वाचतोय. त्या विकणाऱ्या पावण्याला घेऊन या इथं. दहा मिनिटांत सांगतो कसा हाय त्यो."

दुसऱ्या दिवशी त्या पावण्यांना घेऊन आल्या. साठीचा गृहस्थ, पांढरा शर्ट, कपाळावर गंध, दारातच चपला काढून आत आला. पोलीस ठाण्यात चपला काढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. तिथंच निम्मा विरघळलो. तरी साहेबी थाटात विचारलं, "प्लॉटचं मूळ खरेदीखत कुठाय?"

"म्हापुरात गेलं साहेब." त्यानं मान खाली घातली. "घरात टूबलायटीपतूर पाणी. कपाटाचा लगदा झाल्ता. कागदं वाचवू का जितराब? दोन म्हसरं दूध संस्थेच्या गच्चीवर चढवली. चढली बघा गुमान. उतरताना मात्र न्हाय म्हणजे न्हाय! पाणी वसरल्यावर चार दिवस वरच. शेवटी पेंडीची पाटी दाखवत दाखवत एकेक पायरी उतरवली."

मी पोट धरून हसलो. आमच्या भागात 'कागद महापुरात गेला' म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला पुरावा मागणं म्हणजे पाप. मीही मागितला नाही. चहा मागवला.

निघताना तो हात जोडून म्हणाला, "खरेदीला साक्षीदार म्हणून साहेबच आले तर आमचंबी भाग्य. मग बाईंना वकीलबिकीलाचा खर्च तरी कशाला?"

विकणारा माणूस स्वतःहून पोलीस मागतो, याचं नवल वाटण्याऐवजी मला अभिमान वाटला.

ठरल्या दिवशी मी दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो, तेही गणवेशात. खरेदी देणाऱ्याचा फोटो झाला, अंगठा झाला. दस्ताच्या शेवटी ओळख देणाऱ्यांच्या सह्या असतात. त्याचा अर्थ सरळ आहे: करून देणाऱ्यास, म्हणजे विकणाऱ्यास, मी व्यक्तिशः ओळखतो. लिपिकानं विचारलं, "साहेब, ओळखता ना यांना?"

"ओळखतो की!"

माझी त्याची ओळख एका कपाची होती. मी सही केली, आणि खाली हुद्दाही लिहिला. तो कुणी मागितला नव्हता.

तीनेक महिन्यांनी हातकणंगल्याहून एक वृद्ध गुरुजी ठाण्यात आले. कसबा बावड्यातला त्यांचा मोकळा प्लॉट कुणीतरी तारेचं कुंपण घालून बळकावलाय, अशी खबर शेजाऱ्यानं त्यांना दिली होती. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मूळ खरेदीखत काढून टेबलावर ठेवलं. कोरडं, घडीवर कापडाची पट्टी लावलेलं. मी गट नंबर वाचला, प्लॉट नंबर वाचला आणि पंखा चालू असताना मला घाम फुटला.

इथून पुढचं लिहायला जड जातं.

चुकून सही करणं हा मूर्खपणा झाला. पण मी त्या म्हाताऱ्या माणसाला काय सांगितलं? पोलिसांकडं एक वाक्य कायम तयार असतं, तेच सांगितलं. "गुरुजी, ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा."

त्यांनी खरेदीखतावरच्या नावावर बोट ठेवलं. "माझ्या नावानं भलत्याच माणसानं सही केली, ही दिवाणी बाब?"

"अर्ज ठेवून जा. बघतो."

अर्ज मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. दोन दिवस मी त्या टेबलावर जेवलोसुद्धा नाही.

गुरुजी मात्र शाळेत चुकलेलं गणित पुन्हा सोडवायला लावणाऱ्यांपैकी होते. तिसऱ्या दिवशी ते दस्ताची प्रमाणित नक्कल काढून हजर झाले. मी राउंडला होतो. नक्कल आमच्या महिला हवालदारांच्या हाती पडली. या बाई शिरोळच्या. मी परतलो तेव्हा त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"साहेब, ही सही कुणाची हाय?"

मी चष्मा शोधायला लागलो. चष्मा डोळ्यांवरच होता.

"बाई, माझीच."

त्यांनी दार लोटून घेतलं आणि समोर बसल्या. "सांगा आता पयल्यापासनं. सगळं."

नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. तेवढा एक दिला. गंध सांगितलं, चपला सांगितल्या, महापूर सांगितला. त्यांनी विचारलं, "पत्ता कुठला दिल्ता त्यानं?"

आधार कार्डावरची गल्ली मी सांगितली. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अवो साहेब, त्या गल्लीत पाणी कधी चढलं? पुराच्या बंदोबस्ताला आपला कॅम्प त्याच गल्लीतल्या शाळेत हुता की! चार दिवस तुम्ही तिथंच खिचडी खाल्लीसा!"

खरंच. मीच खाल्ली होती. दोनदा वाढून घेतली होती. आणि तिथंच राहतो म्हणणारा माणूस समोर बसून टूबलाइटीपर्यंत पाणी सांगत होता, तेव्हा मी मान डोलावत होतो.

"पण म्हशींचं खोटं न्हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "पेंडीची पाटी दाखवून उतरवली, हे ऐकीव न्हाय वाटत. ज्यानं उतरवलीत त्योच सांगतोय. म्हापूर खरा हाय, गाव खोटं हाय. आमच्याकडंच गच्चीवर जनावरं चढवत्यात."

मी त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवलं. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडं गेला, तोतयेगिरी आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. हवालदारबाई दस्तावरचा फोटो घेऊन शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या दूध संस्था हिंडल्या. पाचव्या संस्थेच्या सेक्रेटरीनं फोटो हातात धरला आणि म्हणाला, "ह्यो व्हय? ह्येच्या म्हशीनं आमची गच्ची घाण केल्ती की!"

दुसऱ्या दिवशी तो ताब्यात आला. गवत माजलेले प्लॉट हेरायचे, मालक म्हातारा आणि लांब राहणारा बघायचा, त्याच्या नावाचं कार्ड बनवायचं, असा त्याचा धंदा. चौकशीत मी साक्षीदार म्हणून बाजूच्या खुर्चीत होतो. तपास अधिकाऱ्यानं विचारलं, "पोलीस ठाण्यात यायची भीती नाही वाटली?"

त्यानं माझ्याकडं बोट केलं. "भ्या वाटलं ते वकिलाचं, साहेब. बाईंनी स्वतःचा वकील केला असता तर त्यानं पेपरात जाहीर नोटीस दिली असती. शेजाऱ्यानं वाचली असती आन् मास्तर धावत आला असता. वकील टळावा म्हणून तर साहेबांस्नी गाठलं. मी खोटा माणूस. खरं ठरवलं ते ह्येंनी."

त्याच्या वकिलाचं म्हणणं आणखी सोपं होतं: मी विकणाऱ्याचा वकील, त्यानं दिले त्या कागदांवरून लिहिलं, घेणाऱ्या बाईंनी मला काही तपासायला सांगितलंच नव्हतं. खरंच होतं. सांगू दिलं नव्हतं ते मी.

सिस्टरांना सांगायला मीच गेलो. त्या प्लॉटवरच होत्या. कुंपणाच्या कडेला कढीपत्त्याचं रोप लावलं होतं, त्याला तांब्यानं पाणी घालत होत्या. मी सांगत गेलो, त्या ओतत राहिल्या. तांब्या रिकामा झाला तरी तो तसाच वाकडा धरलेला.

"मी विचारलं हुतं की साहेब," एवढंच त्या म्हणाल्या. "वकील करू का म्हणून."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मग त्या खाली बसल्या आणि हातानं माती उकरून रोप मुळासकट काढायला लागल्या. जागा गुरुजींची होती. मी मदतीला वाकलो, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मुळं तुटतील."

भामट्याला शिक्षा झाली. सिस्टरांचं काही परत आलं, बरंच गेलं. मला खात्याची सक्त ताकीद मिळाली, ती मी घरात कुणाला दाखवली नाही. आता छापूनच येतेय.

या प्रकरणानं मला माझ्याविषयी एक गोष्ट शिकवली. माणूस ओळखणं आणि जमिनीचा मालक ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मला पहिलंही जमत नव्हतं. मालक कागदावरून ओळखायचा असतो, आणि तो कागद आपल्या पदरच्या माणसानं बघायचा असतो. ओळखीचा साहेब हा वकील नसतो. तो फक्त चहा पाजतो.

माझ्या निवृत्तीनंतर वर्षभरानं सिस्टरांचा फोन आला. शहरातच एक छोटा फ्लॅट घेत होत्या. वकील कसा निवडला, ते त्यांनीच सांगितलं.

"पयल्या वकिलाला विचारलं, तुमची फी कोण देणार? तर म्हणाला, बिल्डरच देतो. उठले. दुसरा म्हणाला, सगळं क्लिअर हाय, बघायची गरज न्हाय. तिथनंबी उठले. तिसरी पोरगीच हाय, पण तिनं मलाच उलटतपासलं. तीस वर्षांच्या जुन्या नोंदींचा सर्च घेतला, मूळ कागद हातात घेऊन वाचले, नोटीस दिली, आणि शेजारच्या घरात जाऊन विचारून आली. मग म्हणाली, आता घ्या."

"मग साक्षीला येऊ?" मी विचारलं.

"न्हाय साहेब. पेढे खायला या."

गेलो. निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर त्यांची पिशवी सांभाळत बसलो. पिशवीत एका कुंडीत कढीपत्ता होता. दार उघडंच होतं. आतून लिपिकाचा आवाज आला, "करून देणाऱ्यांना ओळखणारं कोण आहे?"

सवयीनं माझा हात वर गेला. मग तो मी खाली घेतला, आणि त्याच्यावरच बसून राहिलो.