लांबूचा वॉकर

मावशी मतिमंदांच्या या वसतिगृहात कामाला लागली तेव्हा इथली सगळी माणसं तरणीताठी होती आणि एकमेकांच्या उरावर बसायची. अंगानं दांडगी, बुद्धीनं लेकरं. एका खुर्चीसाठी चावे निघायचे. मावशीनं त्यांना एकच गोष्ट शिकवली: वाटून घ्यायचं. आज तुझा नंबर, उद्या त्याचा. लाडानं शिकवली, डोळे वटारून शिकवली, घसा बसेपर्यंत शिकवली, आणि अंगवळणी पडली तेव्हा कुठे घर शांत झालं. लग्नाचं कुणी काढलं तर ती म्हणायची, हे एवढं लेंढार सांभाळताना नवऱ्याला कुठे बसवू?

आता तीच लेकरं म्हातारी झाली होती. केस पिकले, दात पडले, समज मात्र होती तिथेच. मग एकेक साधन घरात यायला लागलं. कुणाला चष्मा, कुणाला कानातलं यंत्र, लांबूला वॉकर. लांबू सगळ्यांत उंच आणि स्वभावानं अगदी गरीब गाय. त्याच्या खुब्याचं हाड पार ठिसूळ झालं होतं. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी वॉकर त्याच्या उंचीला बसवून दिला आणि मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, हा एकदा पडला तर पुन्हा उभा राहायचा नाही.

थोड्याच दिवसांत मावशीच्या लक्षात आलं. सकाळी एकाच्या नाकावर असलेला चष्मा दुपारी दुसऱ्याच्या नाकावर. कानातलं यंत्र घरभर पाहुणचार घेऊन यायचं. भांडण नाही, तंटा नाही, सगळं शिस्तीत. आधी तिला हसू आलं. मग वॉकर आठवला आणि हसू तिथंच विरलं.

तिनं लांबूला समोर बसवलं. हा वॉकर कुणाला द्यायचा नाही, मागितला तरी नाही, असं परत परत सांगितलं. चोरी करायला सांगितल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला.

"मग मी वाईट होईन ना?"

नाही रे राजा, ती म्हणाली. त्यानं मान डोलावली. तो कशालाही मान डोलवायचा, हेच तर वाईट होतं. तिनं वसतिगृहाच्या साहेबांकडे आणखी एक वॉकर मागितला, बाकीच्यांना नुसता हौसेला. साहेबांनी हसण्यावारी नेलं. तेव्हापासून बिचारी कान देऊनच वावरायची. वॉकरची टकटक ऐकू आली की जीव भांड्यात, थांबली की हातातलं काम टाकून पळायची.

त्या दुपारी ती चादरी बदलत होती. बोळातून टकटक आली. जरा भराभर येत होती. आज स्वारी खुशीत दिसतेय, असं म्हणत तिनं पुढची उशी उचलली.

दारात चिमण्या उभा राहिला, घरातला सगळ्यांत बुटका. खांद्यापर्यंत आलेल्या वॉकरच्या दांड्यांना लोंबकळत, तोंडभर हसत.

"लांबू कुठाय?"

"माझा नंबर लागला," चिमण्या म्हणाला आणि त्यानं न्हाणीघराकडे बोट केलं.

ती धावली. लांबू ओल्या फरशीवर आडवा पडला होता, पाय भलतीकडेच वळलेला. ओठ थरथरत होते, पण त्यानं हाक मारली नव्हती. हाका मारल्या असत्या तर चिमण्याचा नंबर मोडला असता. मावशीला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला, पण उठता येईना.

"चिमण्याचं झालं की परत माझा नंबर ना, मावशी?"

मावशी ओल्यातच बसली. त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि हो म्हणाली.