माफ वाक्य

ऑफिसात तिला सगळे खिडकीबाई म्हणायचे, कारण संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात उघडणाऱ्या गप्पांच्या खिडक्या तीच बनवायची. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्यांसाठी आमचं संकेतस्थळ होतं. लोक तिथे प्रश्न विचारत, खाली इतर जण प्रतिक्रिया लिहीत आणि ओळख वाढली की खिडकीत गप्पा मारत. प्रतिक्रिया किती लांबली की दुमडायची, हसऱ्या चेहऱ्याचं बटण अंगठ्याला कुठे सापडेल, हे सगळं तिचं. तिने बनवलेल्यात चुका काढणं हे माझं काम. तिच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं नाक मुरडलं, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

बाई कामाला वाघ आणि हट्टाला त्याहून मोठी. एका बटणाच्या गोलाईवरून तिने साहेबांशी अबोला धरला होता. घरचा विषय मात्र क्वचित काढायची. एवढंच ठाऊक होतं की शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची आई अर्धांगाचा झटका येऊन पडून आहे आणि थोरली बहीण तिचं सगळं करते. "आमच्या ताईला जमतं ते," ती म्हणायची, "मला नाही जमत." तिथे विषय संपायचा.

संकेतस्थळावर एक लाल दिवा होता, म्हणजे खरा दिवा नव्हे. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली की ती प्रतिक्रिया आमच्या समुपदेशक मॅडमच्या पडद्यावर लाल होऊन उमटायची आणि मॅडम त्या माणसाला लगेच फोन करायच्या. कल्पना खिडकीबाईचीच, आणि चांगली. फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. मराठी माणूस मेल्याशिवाय बोलतच नाही. तो हसून हसून मरतो, भुकेने त्याचा जीव जातो, नातवावर तो जीव टाकतो, आणि गुडघा दुखला तर 'मेलं ते दुखणं' म्हणतो. मॅडम फोन करकरून दमल्या. "अहो, मी दाढेबद्दल लिहिलं होतं," असं एका आजोबांनी त्यांना सुनावलं. साहेब म्हणाले, हे थांबवा, नाहीतर दिवाच काढून टाका.

मग खिडकीबाईने वाक्यं माफ करायला घेतली. 'माफ' हा आमच्यातला शब्द. माफ झालेलं वाक्य दिव्याला दिसत नाही. 'जीव टांगणीला लागला' माफ. 'मरू दे ते' माफ. 'जीव नकोसा झालाय' आलं तेव्हा मॅडम थबकल्या.

"एवढं राहू दे गं," त्या म्हणाल्या.

"अहो, आमची ताई फोन उचलला की हेच म्हणते," खिडकीबाई हसली. "उकडलं तरी जीव नकोसा, पाहुणे आले तरी जीव नकोसा. चांगली धडधाकट आहे. तिला रोज फोन करणार का तुम्ही?"

मॅडमनी हात टेकले. वाक्य माफ झालं.

पुढे साहेबांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. ज्या प्रतिक्रियेला सर्वांत जास्त हसरे चेहरे मिळतील, ती आपोआप पानाच्या वर चढावी. खिडकीबाईने तेही सुबक करून दिलं आणि एका दुपारी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवायला उभी राहिली. पान उघडलं. सगळ्यांत वर आदल्या दिवशीची एक प्रतिक्रिया होती, लिहिणारीचं टोपणनाव 'उशी'. साहेबांनी ती मोठ्याने वाचली.

"झटक्यानंतर आमच्या आईकडे एकच शब्द उरलाय, 'उद्या'. पाणी हवं असलं तरी उद्या, कूस बदलायची तरी उद्या. दिवसभर घरात उद्या, उद्या, उद्या. मला आता उद्याचीच धास्ती वाटते. जीव नकोसा झालाय."

"वा," साहेब म्हणाले, "काय लिहितात लोक." दोघे-तिघे हसले. खाली चेहऱ्यांची रांग लागली होती, हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. 'कमाल आहात', 'आमच्या बाबांकडे तर फक्त शिव्या उरल्यात', अशी उत्तरं होती. उशीने त्यानंतर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

खिडकीबाईने पडद्याजवळ जाऊन ती प्रतिक्रिया पुन्हा वाचली. "ही आमची आई आहे," ती म्हणाली.

तिने तिथूनच ताईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मॅडमनी त्यांच्या फोनवरून लावून पाहिला. शेजारी कुणाला तरी सांगा, असं साहेब म्हणाले, तेव्हा कळलं की शेजाऱ्यांचा नंबर तिच्याकडे नाही. खोटं कशाला बोलू, मला तिचा संताप आला. जगभरच्या अनोळखी माणसांची गाठ घालून देणारी बाई, आणि बहिणीच्या शेजारी कोण राहतं ते हिला ठाऊक नाही. पण ती पुन्हा पुन्हा तोच एक नंबर लावत होती, ते बघून संताप फार टिकला नाही. मी स्कूटरची किल्ली घेतली.

वाटभर ती मागे बसून एकच बोलत होती, "मीच माफ केलं ते. मीच." सिग्नल लाल झाला की माझ्या पाठीवर मुठी आपटायची. मला सहसा देव आठवत नाही, त्या दिवशी आठवला.

घर तिसऱ्या मजल्यावर. दार सताड उघडं होतं आणि ताई बाहेर जिन्याच्या पायरीवर भिंतीला डोकं टेकून बसली होती. जिवंत होती. मांडीवर ओला टॉवेल होता. फोन आत कुठेतरी वाजत होता, कारण खिडकीबाई अजून लावतच होती.

"ताई, फोन का नाही उचललास?"

"उचलून काय सांगू? जीव नकोसा झालाय म्हटलं की तू म्हणतेस, माझाही. आणि तुझ्या ऑफिसचं सुरू करतेस."

खिडकीबाई खालच्या पायरीवर बसली. "तू लिहिलेलं वाचलं मी."

"तूच म्हणाली होतीस ना, असं लिहिलं की लाल होतं, कुणीतरी फोन करतं. म्हणून लिहिलं." ताईचा आवाज अगदी शांत होता आणि मला त्याचीच भीती वाटली. "रात्रभर वाट बघितली. सगळे हसत होते गं. मघाशी घराबाहेर पडले, परत यायचंच नाही असं ठरवून. आईने हाक मारली. आता खाली उतरवत नाही आणि आतही जाववत नाही."

आतून आवाज आला, "उद्या." ताई सवयीने उठायला लागली. खिडकीबाईने तिला खांदा धरून खाली बसवलं आणि स्वतः आत गेली. तिने पाण्याचा पेला आईच्या तोंडाशी नेला. "उद्या." उशी सारखी केली. "उद्या." पांघरूण ओढलं, तसा आवाज चढला. मला दारातून दिसत होतं. आईला काय हवंय ते तिला काही केल्या कळत नव्हतं आणि ती रडत होती.

"पंखा बंद कर म्हणतेय," ताई पायरीवरूनच म्हणाली.

पंखा बंद झाला. आई गप्प झाली.

खिडकीबाई दारात येऊन उभी राहिली. ताईने वळून पाहिलं नाही. "आज आलीस," ती म्हणाली. "उद्या?"

"साहेबांना सांगा, उद्या मी येणार नाही," खिडकीबाई मला म्हणाली. "परवाही नाही. आणि ते वाक्य माफीतून आत्ताच्या आत्ता काढायला सांगा."

मी चार पायऱ्या उतरून फोन लावला. साहेब म्हणाले, अहो, मग दिवसभर लाल होत राहील. मी म्हटलं, होऊ दे. वळून पाहिलं तर दोघी एकाच पायरीवर बसल्या होत्या. ताईने बहिणीचं मनगट घट्ट धरलं होतं, पण डोळे समोरच्या भिंतीवरच होते.

"आणि तेरवा?" ती विचारत होती.