वाकी सरळ करायला आलेले साहेब

बापटसाहेबांना वाकडं काही बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरची पट्टी, दारातल्या चपला, सगळं ते जाता-येता सरळ करत. माझ्या डोक्यावरची टोपी तर रोज सकाळी. मी ऑफिसात पाय टाकला की दोन बोटांनी ती नीट बसवायची आणि मग म्हणायचं, "हं. आता बोल, श्रीपत." एकदा ऑफिसातल्या शिपायाच्या वडिलांच्या मयतीला गेलो, तर तिथंही यांनी तिरडीचे बांबू एका रेषेत आणल्याशिवाय खांदा दिला नाही. त्यांचं स्वतःचं नाक मात्र डावीकडे कललेलं होतं. त्यावर त्यांच्यापाशी इलाज नव्हता.

मी साखळीवाला. जमीन मोजताना लोखंडी साखळीचं एक टोक धरून काट्याकुट्यांतून चालायचं, हे माझं काम. शाळा दुसरीपर्यंत. नाव लिहिता येतं, आकडे वाचता येतात, आणि शेताचा बांध कुठं पोट काढतो ते नजरेनं कळतं. हे शेवटचं साहेबांना पुण्यात एवढं शिकूनही आलं नव्हतं. मी हे त्यांच्या माघारी बोलत नाही, तोंडावर सांगितलेलं आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. नवं राज्य, नव्या पंचायत समित्या, म्हणून जिल्ह्याचा नवा नकाशा पाहिजे होता. गावोगावचे मोठे कागद होतेच, ते आटवून एका भिंतीवर मावेल असा एकच नकाशा करायचा होता. त्यासाठी पुण्याहून बापटसाहेब बुलढाण्याला आले. पांढरी पँट, काळी छत्री आणि खांद्याला पत्र्याचं लांब नळकांडं. पहिल्या दिवशी एसटी स्टँडवर हमालानं त्यांना विचारलं, "बँड कोणाच्या लग्नात वाजवाचा हाय, मालक?" साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी नळकांडं उघडून त्याला नकाशा दाखवला.

नकाशा लहान करताना गावाचा ठिपका होतो, रस्त्याची रेघ होते. अडते ती नदी. प्रत्येक वळण काढलं तर सगळी शाईच होते. साहेब म्हणत, "श्रीपत, नकाशाला श्वास घ्यायला जागा हवी. नदी आहे तशी काढायची तर कागद नदीएवढा लागेल." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर इतक्या वेळा म्हटलं, की पुढे मीच ते आधी म्हणून टाकायचो आणि ते "बरोबर!" म्हणायचे.

मग कोणती वळणं ठेवायची आणि कोणती टाकायची, याच्या त्यांनी दोन रीती केल्या. एका रीतीत नदीवर ठिपके देत जायचं आणि दर तिसरा ठिपका धरून मधले सोडायचे. तिचं नाव मी 'बेडूक' ठेवलं. दुसऱ्या रीतीत ज्या वळणाचं तोंड ठराविक मापापेक्षा अरुंद, ते वळण कापून तिथं सरळ रेघ मारायची. तिचं नाव 'न्हावी'. साहेबांनी त्यांना लांबलचक संस्कृत नावं दिली होती, पण आठवड्याभरात तेसुद्धा "तो न्हाव्याचा कागद आण" म्हणू लागले.

आता यातली चांगली रीत कोणती? त्याची परीक्षा साहेबांनी ज्वारीवर घेतली. हसू नका. मला घरून शेरभर ज्वारी आणायला लावली. मोठ्या कागदावर खरी नदी काळ्या शाईनं आणि आटवलेली नदी लाल शाईनं काढली. दोन्ही रेघांच्या मधे जी जागा राहील तिथं दाणे मांडायचे, एकाला एक चिकटून, आणि मग मोजायचे. जिथं दाणे कमी, ती रीत चांगली. चार दिवस आम्ही दोघं टेबलावर ओणवे होऊन दाणे मांडत होतो. पंखा लावायची बंदी, शिंकायची बंदी. त्या ज्वारीला पुढे शाई लागली आणि आमच्या कोंबड्यांनीसुद्धा ती हुंगून सोडून दिली.

परीक्षेला साहेबांनी नदी निवडली वाकी. म्हणाले, "नावातच वाकडी आहे. हिला सरळ केलं की बाकीच्या सोप्या."

मी म्हटलं, "साहेब, वाकी म्हंजे वाकडी नोहे. बाया दंडात घालतेत ते वाकी. नदीनं गावाले तसा वेढा घातला, म्हून नाव पडलं. अन् गावाचं नाव कोपरखेड. कोपराच्या वर वाकी. समजलं काय?"

"व्युत्पत्ती नंतर बघू," ते म्हणाले.

कोपरखेड माझं गाव. वाकी वरून सरळ येते, कोपरखेडपाशी गावाला तिन्ही बाजूंनी वळसा घालते आणि पुन्हा वाटेला लागते. गावात जायला एका बाजूनं जमिनीची अरुंद मान आहे, तेवढीच कोरडी वाट. त्या वाटेनं आम्ही नदीच्या अलीकडच्या तीराला जोडलेले.

बेडकाचे दाणे सगळ्या नदीभर सांडले. न्हाव्याची नदी मात्र लख्ख निघाली. फक्त एका जागी दाण्यांचा ढीग. बेरजेत न्हावी सहज जिंकला. साहेबांनी हात चोळले, टोपीकडे वळले, माझी टोपी सरळच होती तरी पुन्हा सरळ केली.

मी त्या ढिगावर बोट ठेवलं. "हा ढीग दिसते काय, साहेब? याच्याखाली माह्यं गाव आहे."

न्हाव्यानं कोपरखेडची मान अरुंद म्हणून तिथंच वस्तरा चालवला होता. लाल नदी गावाच्या अलीकडून सरळ गेली होती आणि गाव पडलं होतं पलीकडे. ही गंमत नव्हती. वरून हुकूम आला होता की वाकीच्या अलीकडची गावं एका पंचायत समितीत जायची, पलीकडची दुसऱ्या. वाटणी याच नकाशावरून व्हायची होती. गाव पलीकडे गेलं म्हणजे दवाखाना पलीकडे, दाखले पलीकडे, बियाणं पलीकडे, आणि मधे पावसाळाभर वाकी. तिच्यात नाव चालत नाही, पोहणारासुद्धा पाणी बघून उतरतो.

साहेब म्हणाले, "एवढ्याशा गावासाठी नदी वाकवायची?"

"ते वाकेलच आहे. सरळ तुमी केली."

"मग ठिपका जरा अलीकडे सरकवू."

"तिथं देऊळवाडी आहे. तिले कुठं सरकवता?"

साहेबांनी चष्मा पुसला. "श्रीपत, विज्ञानात बेरीज बघतात. एकेक गाव नाही बघत."

मी साखळी कोपऱ्यात ठेवली आणि सांगितलं की तुम्ही कोपरखेडला येऊन बघेपर्यंत मी ती उचलणार नाही. त्यांनी नोकरी जाईल म्हणून बजावलं. मी म्हटलं, जाऊ द्या. मी खाली बसलो तो तीन दिवस बसलो. दुसऱ्या साखळीवाल्याला साहेबांचं बोलणं कळेना आणि साहेबांना त्याचं. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "चल. पण जायचं माझ्या नकाशाप्रमाणे. चुकला तर मान्य करीन."

भाद्रपद होता. पावसानं उघडीप दिली होती, पण वरच्या अंगाला आभाळ काळं होतं. मी गावात माझ्या आत्याला, सरूआत्याला, निरोप धाडला होता की साहेब जेवायला आहेत. नकाशात गाव पलीकडे, म्हणून साहेबांनी वरच्या फरशी पुलावरून बैलगाडी पलीकडे घ्यायला लावली. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. माणूस हौसेनं चुकत असला की मधे बोलू नये. तासाभरानं आम्ही बरोबर नकाशातल्या जागी पोचलो. समोर कोपरखेड होतं. मधे वाकी होती. समोरच्या काठावर सरूआत्या डोळ्यांवर हात धरून उभी होती.

"काऊन हो साहेब," ती ओरडली, "तिकडं कायले उभे राह्यले?"

"कोपरखेडला यायचंय!"

"मंग कोपरखेडात या ना. कोपरखेड इकडं हाय."

साहेबांनी नकाशा उंच धरला. "यात ते इकडे आहे, बाई!"

आत्यानं जरा विचार केला. "मंग तितंच जेवून घ्या. मी इकडं झाका-झाक करतो."

काठावरची माणसं हसली. साहेबांनी नकाशाची घडी केली, कधी नव्हे ती तिरकी झाली, तरी तशीच ठेवली. परत फिरलो तर वरच्या अंगाला पाऊस पडून गेला होता आणि फरशीवरून मांडीभर पाणी. गाडीवाल्यानं बैल सोडले आणि झाडाखाली आडवा झाला. दिवस कलेपर्यंत आम्ही तिथं उपाशी. तिकडं आत्याचं पिठलं निवत होतं. साहेबांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत काळ्या मातीची झाली होती.

खूप वेळानं ते म्हणाले, "तू असतास तर काय केलं असतंस?"

मी वाट बघत होतो त्या प्रश्नाची, पण आधी तंबाखू मळली. मग गाडीतली साखळी काढली, चिखलात काडीनं वाकी काढली आणि तिच्या दोन टोकांवर साखळी ताणून धरली. "वाकडा बांध मोजाचा असला तं आमी काय करतो? दोन टोकांत साखळी सरळ ताणतो. मंग पाहाचं, बांधाचं पोट साखळीपासून सगळ्यात लांब कुठं गेलं. तितं झेंडी गाडाची. त्याले सोडाचं नाई. आता या टोकापासून झेंडीपर्यंत साखळी, झेंडीपासून त्या टोकापर्यंत साखळी. पुन्हा पोट पाहा, पुन्हा झेंडी. पोट बोटाएवढं राह्यलं की थांबा."

साहेब चिखलात उकिडवे बसले. एक झेंडी, दुसरी झेंडी. पहिलीच काडी मी कोपरखेडच्या टोकावर रोवली होती.  मग खिशातून वही काढून तीच आकृती त्यांनी तीन वेळा काढली.

ऑफिसात आल्यावर पुन्हा ज्वारी मांडली. माझ्या रीतीचे दाणे न्हाव्यापेक्षा थोडे जास्तच भरले. साहेब बेरजेकडे बघत राहिले, मग कागदाकडे. दाणे सगळीकडे ओळीनं पातळ बसले होते. ढीग कुठंच नव्हता. त्यांनी न्हाव्याचा कागद घेतला आणि माझ्यादेखत फाडला. अगदी सरळ, पट्टी लावून.

नकाशा मंजूर झाला. कोपरखेड अलीकडे राहिलं. वरून शाबासकी आली आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत छापून आलं, 'आरेखन : बापट'. पुण्याच्या कुठल्याशा सभेत त्यांनी ती रीत वाचून दाखवली असं कळलं. तिथं साखळीवाला कोणी नव्हताच, विचारणार कोण?

बदली होऊन ते निघाले तेव्हा मी एसटीवर पोचवायला गेलो. नळकांडं मीच धरलं होतं. तेच म्हणाले, "तुझं नाव घालायचं होतं, श्रीपत. पण आरेखकाच्या चौकटीत साखळीवाल्याला जागा नसते."

"मंग चौकट मोठी काढाची होती."

 गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून सवयीनं हात काढला, माझ्या टोपीपर्यंत आणला आणि थांबवला. टोपी चांगली एका कानावर आली होती. ती त्यांनी तशीच राहू दिली आणि हात आत घेतला.

पुन्हा भेट नाही. काही वर्षांनी ऑफिसात कोणीतरी बोलता बोलता म्हणालं, बापट गेले. मी त्या दिवशी नकाशाची एक प्रत मागून घेतली आणि कोपरखेडला गेलो. सरूआत्याला तेव्हा दिसत कमी होतं. मी तिचं बोट धरून वाकीवरून फिरवलं, कोपरावर आणून थांबवलं.

"आपण कोन्या अंगाले हावो?"

"अलीकडं, आत्या."

"मंग बरं हाय." तिनं बोट काही उचललं नाही. "त्या साहेबाले एक डाव जेवाले आन रे. त्या दिवशी उपाशी गेला बापा."

मी हाव म्हटलं. पुढं ती होती तोवर दर भेटीत हेच विचारायची, आणि मी दर वेळी हावच म्हणायचो.